शिशाची गोळी

मागचं दार समुद्राकडे उघडतं.
खरं तर धुक्याकडे. वॉल्विस बेला सकाळी दहापर्यंत
समुद्र असतो तो नुसता आवाजात.

त्या दारातून मासे जायचे.
एप्रनच्या आत, गमबुटात,
एकदा तर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे, तोंड झाकून.
बाहेर धुक्यात कुणीतरी सायकल धरून उभं असायचं.
महिन्याचा हिशोब लागला तेव्हा ओकर्टसाहेब
स्वतः बाजारात जाऊन साखळी घेऊन आले.
जड होती, नवी, तेलाचा वास असलेली.
म्हणाले, एलिफास, आजच्या आज.

मी ती बाकावर ठेवली आणि जेवायला गेलो.
घास उतरेना.
आत एकशे चाळीस बायका, सुऱ्या चालवणाऱ्या,
आणि त्यांच्या डोक्यावरून अमोनियाचे पाइप,
माझ्याहून वयानं मोठे.
साखळीला चोर ओळखता येत नाही.
तिला दिवसही ओळखता येत नाही.
किल्ली कुणाकडे? साहेबांकडे.
साहेब कुठे? रविवारी स्वाकोपमुंडला, सासुरवाडीत.

परत आलो. म्हटलं, साहेब, आठ दिवस द्या.

विजेच्या मीटरला असते तसली तार आणली,
केसाहून जराशीच जाड.
दाराच्या आडव्या दांड्यातून ओवली,
टोकाला शिशाची गोळी, पकडीनं चेपली,
गोळीवर आकडा ठोकला : एक.
वर एक भोंगा, बॅटरीवरचा,
दार हललं की गाव गोळा करणारा.
शनिवारी माझ्या मुलीला घेऊन आलो. सात वर्षांची.
म्हटलं, ढकल.
तिनं एकाच हातानं ढकललं,
दुसऱ्या हातात पाव होता.
तार तुटली, भोंगा कोकलला, ती दचकून हसायला लागली.
साहेब म्हणाले, ही कसली राखण? ही तर पोरसुद्धा तोडेल.
म्हटलं, तेवढ्याचसाठी.

त्या शनिवारची गोळी एक. सोमवारी दोन.
तीन तुटली सिगारेटच्या तलफेनं,
चार, कोण जाणे कुणाच्या रडण्यानं;
लोईडे बाहेर जाऊन भिंतीशी उभी होती,
मी विचारलं नाही, वहीत "वारा" लिहिलं.
मासे मात्र थांबले.
चोराला कुलूप तोडायची लाज नसते,
एवढीशी तार तोडायची असते. का, ते मला सांगता येत नाही.

कारखान्याच्या बाहेरून कुणीतरी रोज
रिकाम्या पेट्या दाराला टेकवून रचायचं.
मी रोज उचलायचो.
दाराला दोन बाजू असतात
हे इथं फक्त मला आणि वाऱ्याला माहीत.

ऑगस्टात, पहाटे पाच वाजायला दहा मिनिटं असताना
वाकण्यातला एक जुना जोड फुटला.
वास आला तो आधी डोळ्यांत आला.
दाराशी लोईडे होती. तिला तार आठवतच नाही.
म्हणते, दांड्यावर पडले, आणि बाहेर होते.

धुक्यात माणसं मोजता येत नाहीत.
म्हणून ओरडायला लावलं, एकेक आकडा,
खोकत, थुंकत, कुणी देवाचं नाव घेत.
एकशे एकोणचाळीस.
मग बराच वेळ समुद्रच.
मग ताइमी आली, संडासाकडून, भिंत चाचपत,
डोळे मिटलेले, आणि एप्रनच्या वर
दोन शेपट्या.
साहेबांनी पाहिल्या. मी पाहिल्या.
तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, एकशे चाळीस.

वहीत लिहिलं : गोळी पाच. चार पन्नास. कारण, गॅस.
बाहेर, सगळ्या.
शेपट्यांना त्या वहीत रकाना नाही.

साखळी वर्षभर बाकाखाली पडून होती,
खाऱ्या हवेनं तांबडी झालेली.
परवा ताइमीचा भाऊ येऊन मागून घेऊन गेला,
सायकलीला लावायला.
म्हणाला, टाटे, धुक्यात उभी केली
की कुणीतरी उचलून नेतं.